गायनाचार्य विष्णु दिगंबर

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमाजवळ कुरुंदवाड नावाचे गाव आहे. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. पूर्वी ती पटवर्धन घराण्यातील एका लहानशा संस्थानाची राजधानी होती. या गावी १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. या घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. परंतु पलूस या गावावरून त्यांना पलुसकर म्हणू लागले. वडील दिगंबर गोपाळ हे नामांकित कीर्तनकार होते. हाती चिपळ्या घेऊन ते देवळात उभे राहिले की, अभंगांच्या चाली व आख्यानातील पदे ऐकण्यास सारा गाव लोटत असे. लहानगा विष्णु वडिलांच्या मागे उभा राहून साथ करी. सुरांची ओळख त्याला अक्षरांच्या आधीच झाली होती.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. इंग्रजी शाळेत शिकून तो एखादी चांगली नोकरी मिळवील, अशी घरच्यांना आशा होती. परंतु दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडत असता एक फटाका त्याच्या तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना जबर इजा झाली. पुष्कळ औषधोपचार झाले. प्राण वाचले, परंतु दृष्टी फार अधू झाली. पुस्तकावरील अक्षर त्याला नीट दिसेना. शाळेचा मार्ग खुंटला. आता या मुलाचे पुढे काय होणार, या विचाराने आईबापांची झोप उडाली. उपचारासाठी त्याला मिरजेस नेले होते. मुलाचा गळा गोड आहे, त्याला गाणे शिकवावे, असा सल्ला तेथे मिळाला. डोळ्यांचे काम कानांनी करावयाचे, असा तो मार्ग होता.

त्या वेळी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत असत. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचा मान मुख्यत्वे त्यांच्याकडेच जातो. गायनविद्या मिळावी म्हणून त्यांनी तरुणपणी घर सोडले होते आणि दूरदेशी अपार कष्ट सोसून ग्वाल्हेर परंपरेच्या वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिक्षण घेतले होते. अशा गुरूच्या हाती विष्णूला सोपविण्यात आले. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी या होतकरू मुलाच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था केली.

त्या काळचे संगीतशिक्षण आजच्यासारखे सोपे नव्हते. वर्ग नाहीत, वेळापत्रक नाही, छापील पुस्तक नाही, परीक्षाही नाही. शिष्याने गुरूच्या घरी राहावे, पाणी भरावे, केर काढावा, सांगेल ते काम करावे आणि गुरूची लहर लागेल तेव्हा जे काही कानी पडेल ते जिवापाड जपून ठेवावे. एक चीज मिळविण्यासाठी महिनेच्या महिने वाट पाहावी लागे. कागदावर टिपून घेण्याची सोय नसल्याने जे स्मरणात राहिले तेच आपले. एखादा वृद्ध गवई शिष्य न करता निवर्तला, तर त्याच्याबरोबर शेकडो चिजाही जगातून नाहीशा होत. विष्णुपंतांनी मिरजेस अनेक वर्षे राहून पहाटेपासून रात्रीपर्यंत मेहनत केली. तंबोरा हाच त्यांचा सोबती झाला. त्यांचा आवाज भरदार, गोल आणि तिन्ही सप्तकांत मोकळा फिरणारा बनला. गुरूंनी हात आखडता न घेता त्यांना विद्या दिली.

परंतु याच मिरजेत त्यांच्या मनाला एक सल लागली. त्याची हकीकत अशी सांगतात : गावातील एका सार्वजनिक समारंभास प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रणे गेली. अधिपतींची मर्जी असल्याने विष्णुपंतांनाही निमंत्रण आले; परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की, बुवा हे केवळ एक गवई असल्याने त्यांना बोलाविण्याचे कोणास सुचलेच नाही. ज्या माणसाने विद्येसाठी अर्धा देश पालथा घातला, ज्याचे गाणे ऐकून हेच लोक माना डोलावीत, त्याला त्यांच्या शेजारी बसण्याचीही योग्यता नसावी! विष्णुपंतांना हा अपमान स्वतःचा झाल्याहून अधिक लागला.

त्यांनी विचार केला, तेव्हा दोष केवळ त्या समारंभाच्या चालकांचा नाही, हेही त्यांच्या ध्यानी आले. गवई राजेरजवाड्यांच्या आश्रयाने जगत. धन्याला हुक्की आली की गावे, बिदागी मिळाली की मुजरा करावा, हा त्यांचा रिवाज. कित्येक जण व्यसनाधीन असत. बऱ्याच चिजांतील शब्द चारचौघांत उच्चारण्याजोगे नसत. त्यामुळे सभ्य घरांत गाणे म्हणजे मुलाला बिघडविणारा नाद, अशी समजूत दृढ झाली होती. मुलींच्या गाण्याचा तर प्रश्नच नव्हता. विद्या थोर आणि विद्यावंत मात्र हीन, हे कोडे सोडवायचे तर दोन गोष्टी व्हावयास हव्या होत्या. गवयाने आपले वर्तन स्वच्छ ठेवून स्वाभिमानाने जगले पाहिजे आणि गाण्याने राजवाड्याबाहेर पडून सामान्य माणसाच्या घरात गेले पाहिजे. हे काम आपणच करावयाचे, असा निश्चय करून १८९६ साली चोविसाव्या वर्षी विष्णुपंत मिरजेहून बाहेर पडले.

हे १८९६ साल महाराष्ट्राच्या इतिहासात आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे यांनी याच वर्षी पुण्यास अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. एकाने समाजाने दूर लोटलेल्या विधवांना शिक्षणाचे दार उघडले. दुसऱ्याने समाजाने दूर ठेवलेल्या विद्येला प्रतिष्ठेचे दार उघडले. दोघांपाशीही धन नव्हते. लोकांपुढे हात पसरून लोकांचेच काम करावयाचे, ही दोघांचीही रीत होती.

विष्णुपंतांचा प्रवास मोठा विलक्षण झाला. बरोबर एकदोन सोबती, जवळ पैसा बेताचा आणि डोळ्यांना अंधूकच दिसणारे. बडोद्यास त्यांच्या गाण्याची कीर्ती पसरून राजवाड्यापर्यंत पोहोचली. तेथे स्थिर होऊन सुखाने राहता आले असते. परंतु ज्या आश्रयातून संगीताला सोडवावयाचे, त्यातच स्वतः अडकून पडणे त्यांना मान्य नव्हते. ते काठेवाडात गेले. तेथे त्यांनी जाहीर जलसा केला. ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. परंतु त्या काळी ती मोठी नवलाची होती. तोवर बैठकी होत त्या देवळात, राजवाड्यात किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात. बोलावणे असेल त्यानेच आत जावे. विष्णुपंत पुढे तिकीट लावून जलसे करू लागले. ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे असतील तो कोणीही येऊन बसू शकत असे, मग तो कारकून असो की दुकानदार. गवयालाही कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागत नसे. जलसा ठरल्या वेळी सुरू करण्याचा त्यांचा कटाक्ष असे आणि श्रोत्यांनीही शिस्तीने बसावे, असा त्यांचा आग्रह असे.

गिरनार पर्वतावर त्यांना एका साधूची भेट झाली आणि त्याने उत्तरेकडे जाण्याचा उपदेश केला, असे सांगतात. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी शहरे पाहत ते पंजाबात गेले. मथुरेस राहून त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला. कारण चिजांचे शब्द बहुधा त्याच भाषेतले असत आणि अर्थ न कळता गाणे त्यांना पसंत नव्हते. अखेर ते लाहोरास पोहोचले. हे शहर आज पाकिस्तानात आहे. त्या वेळी ते पंजाब प्रांताची राजधानी होते. मिरजेपासून इतक्या दूर, परक्या भाषेच्या मुलखात, ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. संस्थानिकांच्या खर्चाने चालणाऱ्या गायनशाळा त्यापूर्वीही होत्या. बडोद्यास मौलाबक्ष यांनी अशी शाळा चालविली होती. परंतु कोणा एका राजाच्या नव्हे, तर लोकांच्या आधारावर उभी राहिलेली ही पहिली मोठी संगीतशाळा होय.

शाळा उघडली, पण विद्यार्थी येईनात. आरंभीचे कित्येक दिवस खोल्या रिकाम्याच राहिल्या. तरी विष्णुपंत रोज ठरल्या वेळी शाळेत येऊन बसत, तंबोरा जुळवीत आणि वर्ग भरलेला असावा तसे गात बसत. शाळेची वेळ संपली की उठत. हळूहळू लोकांच्या मनातील शंका फिटली. शिकविणारा माणूस शुद्ध आचरणाचा आहे, येथे देवाची पदे शिकवितात, मुलांना शिस्त लावतात, हे पाहून भल्या घरची मुले येऊ लागली. पुढे स्त्रियांनाही शिक्षण मिळू लागले. घरंदाज स्त्रीने तंबोरा हाती धरणे, हे त्या काळी केवढे धैर्य होते याची कल्पना आज येणार नाही.

शाळा चालवावयाची तर शंभर गोष्टी नव्याने घडवाव्या लागल्या. एका गुरूने एका शिष्याला शिकविणे निराळे आणि वीस मुलांना एकत्र शिकविणे निराळे. त्यासाठी पाठ्यक्रम हवा, इयत्ता हव्यात, परीक्षा हव्यात, पुस्तके हवीत. गाणे कागदावर उतरविण्यासाठी विष्णुपंतांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. स्वर कोमल की तीव्र, मंद्र सप्तकातला की तारसप्तकातला, किती मात्रांचा, हे सारे चिन्हांनी दाखविता येऊ लागले. ही चिन्हे कोणत्याही छापखान्यात मिळत नसत. म्हणून त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. ‘संगीत बालप्रकाश’ आणि तशीच अनेक क्रमिक पुस्तके त्यांनी प्रसिद्ध केली. ‘संगीतामृतप्रवाह’ नावाचे मासिकही चालविले. ज्या माणसाला लहानपणी अक्षर दिसेनासे झाले म्हणून शाळा सोडावी लागली, त्यानेच हजारो मुलांच्या हाती पुस्तके दिली. याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या चिजा गोळा करून संगीताच्या शास्त्राची व्यवस्था लावण्यास आरंभ केला होता. या दोन विष्णूंच्या पद्धती वेगळ्या होत्या. परंतु बंद पेटीतले धन लोकांपुढे मांडण्याचा हेतू एकच होता.

विष्णुपंतांच्या योजनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे उपदेशक वर्ग. गायनाचा प्रसार करणारे शिक्षक तयार करणे, हा त्याचा उद्देश. या वर्गातील मुलांना फी तर नव्हतीच, उलट राहणे व जेवण शाळेकडून मिळे. त्याबदल्यात मुलाने नऊ वर्षे शाळा सोडावयाची नाही, असा करार असे. पहाटे उठणे, गळ्याची मेहनत, तबल्यासारख्या वाद्यांचा अभ्यास आणि शाळेची पडतील ती सर्व कामे, असा दिनक्रम होता. विष्णुपंतांची शिस्त कडक होती आणि स्वभाव तापट होता. चुकीला क्षमा नसे. काहींना ते सोसले नाही आणि ते निघून गेले. परंतु जे टिकले त्यांच्या मुखी पुढे जन्मभर गुरूंचे नाव राहिले. रागावणारा हाच माणूस आपल्या खाण्यापिण्यासाठी गावोगाव जलसे करीत फिरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

१९०८ साली त्यांनी मुंबईस गांधर्व महाविद्यालयाची शाखा उघडली आणि लवकरच तीच मुख्य संस्था झाली. शेकडो विद्यार्थी तेथे शिकू लागले. शाळेसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. वसतिगृह, छापखाना आणि वाद्ये तयार व दुरुस्त करण्याचा कारखाना, असा मोठा पसारा वाढला. राष्ट्रीय चळवळीतही विष्णुपंत मागे नव्हते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ हे गीत ते काफी रागात गात, तेव्हा हजारोंचा समुदाय स्तब्ध होऊन ऐके. ‘रघुपति राघव राजाराम’ ही धून त्यांच्याच चालीने देशभर पसरली, असे मानतात. महात्मा गांधींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा त्यांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना तिकडे धाडले. खरे यांनी ‘आश्रम भजनावली’चे संपादन केले आणि १९३० साली दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले.

परंतु मुंबईची इमारत कर्ज काढून बांधली होती. विनामूल्य शिकणाऱ्या मुलांचा खर्च मोठा आणि उत्पन्न मात्र अनिश्चित. विष्णुपंत दौरे काढीत, जलसे करीत आणि मिळालेला पैसा व्याजात भरीत. एक हप्ता फिटे तो दुसरा पुढे उभा राही. अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांनी इमारत ताब्यात घेतली आणि तिचा लिलाव झाला. वीस-बावीस वर्षांच्या श्रमांचे दृश्य फळ दुसऱ्याच्या हाती गेले.

घरीही दुःखाला सीमा नव्हती. त्यांची बहुतेक सर्व अपत्ये लहानपणीच दगावली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय हा एकच मुलगा वाचला. अशा आघातांनी एखादा माणूस कडवट झाला असता. विष्णुपंतांचे मन भक्तीकडे वळले. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली. नाशकास त्यांनी रामनामाच्या आधाराने आश्रम चालविला आणि तुलसीदासांच्या रामायणाची ते गाऊन कथा करू लागले. ज्या कीर्तनात त्यांनी पहिला सूर ऐकला होता, त्याच्याच वाटेवर ते पुन्हा येऊन पोहोचले. मात्र शिकविणे त्यांनी सोडले नाही. काही शिष्य तेथेही त्यांच्याजवळ होते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी एकुणसाठ वर्षे पूर्ण केली होती. ज्या गावात त्यांना विद्या मिळाली आणि ज्या गावात मनाला ती सल लागली, तेथेच त्यांनी डोळे मिटले. मागे इमारत नव्हती, ठेव नव्हती, दहा वर्षांचा पोरका मुलगा मात्र होता. विष्णुपंतांचे कार्य त्यांच्याबरोबरच संपले, असे त्या दिवशी कोणी म्हटले असते, तर ते खरे वाटले असते.

पण शिष्यांनी तसे होऊ दिले नाही. त्याच वर्षी ते अहमदाबादेस एकत्र जमले आणि गुरूंच्या कार्यासाठी त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. सावकाराला जप्त करता आली ती इमारत. शिष्यांच्या गळ्यातील विद्या त्याला जप्त करता आली नव्हती. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, विनायकराव पटवर्धनांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. बी. आर. देवधरांनी मुंबईत आपली संगीतशाळा चालविली आणि कुमार गंधर्वांसारखा गायक तेथे घडला. शंकरराव व्यास व नारायणराव व्यास या बंधूंनी आपापल्या परीने गाणे घरोघर नेले. नारायणरावांच्या ध्वनिमुद्रिका खेडोपाडी वाजू लागल्या. गरिबीतून आलेले ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. ज्या विद्येला समारंभात आसन मिळत नव्हते, तिला विश्वविद्यालयात आसन मिळाले.

आणि तो दहा वर्षांचा मुलगा? त्यालाही गुरुबंधूंनी वाऱ्यावर सोडले नाही. नारायणराव व्यास आणि विनायकराव पटवर्धन यांनी दत्तात्रेयाला शिकविले. वडिलांकडून त्याला फार थोडे मिळाले होते. परंतु वडिलांनी दुसऱ्यांच्या मुलांना जे मुक्तहस्ते दिले होते, तेच आता त्यांनी त्याच्या पदरात घातले. १९३५ साली चौदाव्या वर्षी हा मुलगा जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायला आणि श्रोते चकित झाले. द. वि. पलुसकर या नावाने तो भारतभर गाजला. १९५५ साली ऐन तारुण्यात त्याला मृत्यूने गाठले. परंतु त्याची भजने व ख्याल आजही लोक आवडीने ऐकतात.

एका शाळेतून सारेच थोर गायक निघत नाहीत. वर्गात शिकवून तानसेन घडत नाहीत, अशी टीका विष्णुपंतांवरही झाली. ती खोटी नाही. परंतु उत्तम ऐकणारे, गाण्यावर प्रेम करणारे आणि गाणाऱ्याला मान देणारे हजारो लोक घडल्यावाचून तानसेनालाही कोण विचारणार? विष्णुपंतांनी असा समाज घडविला. आज लहानशा गावातील मुलगी संध्याकाळी उघडपणे तंबोऱ्याच्या सुरात सूर मिळविते, प्रवेशिका किंवा विशारदची परीक्षा देते आणि घरची माणसे त्याचा अभिमान बाळगतात. यात काही विशेष आहे, असे तिला वाटतही नाही. गायनाचार्य विष्णु दिगंबरांनी आयुष्य वेचले, ते हेच घडावे म्हणून.